शासकीय शुल्क किती, आणि ते जाते कोठे?

२०२३ च्या मार्चमध्ये मी आणि माझ्या सासूबाईंनी कराडमधल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाजणी, मेतकूट आणि नाचणीसत्त्वाचा व्यवसाय रीतसर सुरू करायचे ठरवले. त्याआधी चार वर्षे आम्ही हे पदार्थ ओळखीच्या घरांना देतच होतो. पण पाकिटावर नाव नव्हते, हिशोब वहीत होता आणि पैसे घरखर्चाच्या खात्यातच येत होते. गावातले दोन दुकानदार पाकिटे ठेवायला तयार झाले, तेव्हा त्यांनी बिल मागितले. बिलासाठी चालू खाते हवे होते, आणि चालू खात्यासाठी बँकेतल्या अधिकाऱ्यांनी पैसे भरण्याच्या स्लिपच्या कोऱ्या पाठीवर तीन शब्द लिहून दिले: शॉप ॲक्ट, उद्यम, फूड लायसन्स. ती स्लिप अजून माझ्याकडे आहे. पुढच्या दीड महिन्यात या तीन शब्दांच्या नावाखाली माझ्याकडे जवळपास दहा हजार रुपये मागितले गेले, आणि या तिन्ही कामांसाठी सरकारला प्रत्यक्षात द्यावे लागले ते ५२३ रुपये ६० पैसे.

हे सगळे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की फसवणुकीच्या बातम्या वाचताना आपण नकळत धरून चालतो, की फसलेल्या माणसाला कसला तरी मोह झाला असणार. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याच्या बाबतीत हे खरे नसते. त्याला कसलेही बक्षीस नको असते, दामदुप्पट नको असते. कायद्यात आपले काही राहून जाऊ नये, उद्या कोणी दारात येऊन बोट दाखवू नये, एवढीच त्याची इच्छा असते, आणि खोटे शुल्क मागणारे लोक नेमक्या याच इच्छेवर जगतात. जो नियम पाळायला निघाला आहे, तोच घाबरून पैसे भरतो. ज्याला नियमाची फिकीर नाही, तो फोन ठेवून देतो.

पहिले पैसे मी उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी, भरले. रात्री सगळी कामे आटोपल्यावर मोबाइलवर ‘उद्यम नोंदणी’ असे शोधले आणि सर्वांत वर आलेले पान उघडले. वरच्या बाजूला तिरंग्याची पट्टी होती, ‘राष्ट्रीय’ हा शब्द होता, डाव्या कोपऱ्यात गोल चिन्ह होते आणि मधोमध अर्ज होता. मी आधार क्रमांक, पॅन, व्यवसायाचे नाव, पत्ता आणि बँकेचा तपशील भरला, आणि शेवटी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून २,४९९ रुपये भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “मॅडम, आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तो सांगा.” मी सांगितला. दुपारपर्यंत ईमेलवर प्रमाणपत्र आले, ‘उद्यम-एमएच’ ने सुरू होणारा क्रमांक असलेले, आणि मला फार समाधान वाटले.

ते प्रमाणपत्र घेऊन मी बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी ते पाहिले, शिक्का मारला आणि सहज विचारले, “किती घेतले याचे?” मी आकडा सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे फुकट असते.”

प्रमाणपत्र खरे होते, ही यातली सर्वांत समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. त्या लोकांनी माझीच माहिती सरकारच्या खऱ्या पोर्टलवर भरली होती, तेथून आलेला ओटीपी माझ्याकडून घेतला होता आणि जे काम मला दहा मिनिटांत विनामूल्य करता आले असते, त्याची किंमत ‘नोंदणी शुल्क’ या नावाने वसूल केली होती. घरी येऊन मी ते पान पुन्हा उघडले आणि या वेळी अगदी तळापर्यंत गेले. तेथे फिकट राखाडी रंगात, मोबाइलवर बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, एक ओळ होती: हे संकेतस्थळ खासगी सल्लागारांचे असून त्याचा कोणत्याही शासकीय विभागाशी संबंध नाही. मी पैसे परत मागितले, तेव्हा त्यांनी याच ओळीचा आधार घेतला. पैसे परत मिळाले नाहीत.

उद्यम नोंदणीबद्दल जे मला त्या रात्री ठाऊक असायला हवे होते, ते असे आहे. २६ जून २०२० च्या अधिसूचनेने केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाने जुन्या उद्योग आधारच्या जागी ही पद्धत आणली आणि ती १ जुलै २०२० पासून लागू झाली. नोंदणी स्वयंघोषणेवर होते, कागदपत्रे चढवावी लागत नाहीत आणि शुल्क शून्य आहे. तिचे नूतनीकरण करावे लागत नाही, त्यामुळे ‘तुमच्या उद्यमची मुदत संपत आहे, आजच भरा’ असा संदेश आला तर तो खोटाच असतो. प्रमाणपत्राची प्रत पुन्हा काढायलाही काही लागत नाही. खरे पोर्टल एकच, आणि त्याच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘डॉट ऑर्ग’, ‘डॉट कॉम’, ‘डॉट को डॉट इन’, किंवा नुसते ‘डॉट इन’ हे शेवट कोणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो आणि त्यांच्या आधी ‘उद्यम’, ‘एमएसएमई’, ‘भारत’ असे हवे ते शब्द लावू शकतो. म्हणून पत्ता डावीकडून वाचायचा नाही, उजवीकडून वाचायचा. हे मला आता माझ्या सहावीतल्या मुलालाही सांगता येते. शोधल्यावर वरच येणाऱ्या पानावर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल, तर ती पैसे देऊन मिळवलेली जागा आहे, हेही त्याच वेळी पाहावे.

मात्र मदत करण्याचे पैसे घेणारा प्रत्येक माणूस लबाड आहे, असे मला म्हणायचे नाही, कारण ते अन्यायाचे होईल. आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या केंद्रात एक ताई ऑनलाइन अर्ज भरून देतात. उद्यमचे त्या २०० रुपये घेतात आणि सांगून घेतात, की सरकारचे काही नाही, हे माझ्या कामाचे आहेत. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येत नाही, त्यांच्यासाठी ते २०० रुपये अगदी योग्य आहेत. आमचे सीएसुद्धा फी घेतात आणि त्यांच्या पावतीवर दोन वेगळ्या ओळी असतात: शासकीय शुल्क इतके, माझे सेवा शुल्क इतके. मला वाटते, सगळा फरक या दोन ओळींत आहे. आपल्या श्रमाला ‘सरकारी फी’ असे नाव देणारा माणूस आपल्याला फसवतो आहे, मग तो काम करून देवो अथवा न देवो. तेव्हापासून मी कोणालाही पैसे देण्याआधी एवढेच विचारते, की पावतीवर या दोन ओळी वेगळ्या लिहून मिळतील का. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. शॉप ॲक्टसाठी एका एजंटने ‘१,५०० रुपये सरकारी फी’ सांगितली होती. हा प्रश्न विचारल्यावर त्याने विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी फोनच उचलला नाही.

शॉप ॲक्टला आमच्याकडे जुनी माणसे अजूनही गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याने लहान आस्थापनांची मोठी सोय केली. मी अर्ज केला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला किंवा व्यवसायाला परवाना घ्यावा लागत नव्हता. व्यवसाय सुरू केल्याची सूचना ६० दिवसांच्या आत ऑनलाइन द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची, एवढेच होते. मी राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरून ती सूचना दिली आणि २३ रुपये ६० पैसे भरले. पोच त्याच दिवशी मिळाली. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणत्या अधिकाऱ्याकडून मिळेल, हे कार्यालयाने लोकांना दिसेल असे जाहीर करायचे असते. पैसे भरण्याआधी तो फलक, किंवा पोर्टलवरचे त्याचे पान, वाचण्याचा हक्क आपल्याला आहे. पूर्वी मी अशा फलकांकडे पाहतही नसे, आता प्रत्येक कार्यालयात पहिल्यांदा तोच शोधते.

फूड लायसन्सचा प्रकार यापेक्षा गंभीर होता, कारण त्यात धमकी होती. उद्यमचे प्रमाणपत्र आल्याला सहा दिवस झाले होते. दुपारची वेळ होती, सासूबाई भाजणीचे धान्य भाजत होत्या आणि मी पाकिटांवर लेबले चिकटवत होते. फोनवरचा माणूस शांत, समजूतदार आवाजात बोलत होता. “मॅडम, अन्न सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमची फाइल माझ्यासमोर उघडी आहे.” त्याला माझे पूर्ण नाव माहीत होते, व्यवसायाचे नाव माहीत होते, घराच्या पत्त्यातला मारुती मंदिराचा उल्लेखसुद्धा माहीत होता. हा सगळा तपशील या शब्दांत मी एकाच ठिकाणी भरला होता. तो म्हणाला, की उद्यममध्ये तुम्ही खाद्यपदार्थ दाखवले आहेत, पण परवाना घेतलेला नाही. कलम ६३ खाली सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. आज पाच वाजेपर्यंत तपासणी शुल्काचे ५,८०० रुपये भरले तर फाइल नियमित होईल, नाहीतर उद्या ती सातारच्या कार्यालयात कारवाईसाठी जाईल.

फोन ठेवल्यानंतर लगेच त्याने एक क्यूआर कोड पाठवला. त्यावर तीन सिंहांचे चिन्ह होते, खाली ‘सत्यमेव जयते’ होते. मी स्कॅन केला, रक्कम टाकली. माझे हात कापत होते, हे मला आठवते. कैद हा शब्द कानावर पडल्यावर माणूस विचार करत नाही, तो फक्त ते संकट टळावे म्हणून धडपडतो. सासूबाईंनी कढईखालचा गॅस बारीक केला, माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये पाहिले आणि विचारले, “कोणाला पाठवतेस गं एवढे पैसे?”

“अन्न खात्याला.”

“मग इथे बाईमाणसाचं नाव कसं?”

पडद्यावर, रकमेच्या वर, पैसे ज्याच्या खात्यात जाणार त्याचे नाव लिहिलेले होते, आणि ते एका व्यक्तीचे होते. मी ते वाचलेच नव्हते. पिन टाकायचा राहिला होता. मी मागे आले, मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पुढच्या अर्ध्या तासात त्याचे पाच फोन आले आणि प्रत्येक फोनला त्याचा आवाज अधिक कडक होत गेला. मी एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी साताऱ्याला, अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. तेथल्या लिपिकांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि संगणकावर फॉसकॉस हे पोर्टल उघडून दाखवले. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे सगळे अर्ज आणि सगळी शुल्के त्याच पोर्टलवर असतात. माझ्यासारख्या, त्या वेळच्या नियमाने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या उत्पादकाला परवाना लागतच नव्हता, साधी नोंदणी पुरेशी होती. नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते, आणि एका वर्षापासून पाच वर्षांपर्यंत हवी तितकी मुदत घेता येत होती. मी पाच वर्षांचे ५०० रुपये भरले. ‘तपासणी शुल्क’ नावाचा रकानाच त्या अर्जात नव्हता.

कलम ६३ खरे आहे, ते अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये आहे, आणि त्या वेळी त्यात कैदही होती. पण ते परवाना घेणे ज्यांना बंधनकारक आहे अशांसाठी आहे, आणि परवान्यातून सूट मिळालेले नोंदणीधारक छोटे व्यावसायिक त्यातून त्याच कलमात स्पष्ट शब्दांनी वगळलेले आहेत. नोंदणी करणे मला आवश्यक होते, यात शंका नाही, आणि ती मी आधीच करायला हवी होती. पण मला दाखवलेली कैद माझी नव्हती. फसवणारे लोक खोटे कलम सांगत नाहीत, खरे कलम चुकीच्या माणसाला लावून सांगतात, त्यामुळे आपण ते गूगलवर शोधले तरी ते सापडते आणि भीती आणखी वाढते. आता आमच्या पाकिटांवर चौदा अंकी क्रमांक आहे. तो २ ने सुरू होतो, कारण २ म्हणजे नोंदणी आणि १ म्हणजे परवाना. त्यापुढचे १५ हे महाराष्ट्राचे अंक आहेत. दुकानात कोणतेही पाकीट हातात घेतले, तरी मी आता तो क्रमांक वाचते.

त्यानंतरच्या काळात एकदा गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण दारात आला आणि अन्न सुरक्षेचा फलक लावणे सक्तीचे आहे, त्याचे १,२०० रुपये भरा, म्हणाला. त्याच्या ओळखपत्रावर कोणत्याही खात्याचे नाव नव्हते, फक्त ‘अधिकृत प्रतिनिधी’ असे होते. मी त्याला सांगितले, की खात्याचे पत्र दाखवा, मी सातारच्या कार्यालयात फोन करून विचारते. तो पाणीसुद्धा न पिता गेला.

२०२४ मध्ये आम्ही जीएसटी क्रमांक घेतला, तोही विनामूल्य मिळतो. क्रमांक मिळाला त्या आठवड्यात इतके फोन आले, की एका वहीच्या पानावर मी त्यांची नोंद ठेवली. कर्ज देणारे, कार्ड मशीन विकणारे, आणि त्यांच्यात मिसळलेला एक जण, जो ‘प्रमाणपत्र सक्रिय करण्याचे’ १,८०० रुपये मागत होता. असे सक्रिय करणे नसते. प्रमाणपत्र पोर्टलवर लॉगिन करून उतरवून घ्यायचे असते. काही महिन्यांनी ईमेलवर केंद्रीय जीएसटीच्या नावाची नोटीस आली, तेव्हा मात्र मी घाबरले नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या समन्स, नोटीस, पत्र अशा कागदांवर तेव्हा वीस अक्षर-अंकांचा एक दस्तऐवज क्रमांक असे, आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरा आहे की नाही ते कळते. या नोटिशीवर असा क्रमांकच नव्हता. मी स्वतःच्या खात्यात लॉगिन करून नोटिशींचे पान पाहिले, तेही रिकामे होते. सीएंना दाखवून ती ईमेल मी पुरावा म्हणून ठेवून दिली.

पुण्याला असलेल्या माझ्या मामेभावाचा अनुभव जरा वेगळ्या प्रकारचा आहे आणि ज्यांना आपल्या मालाला नाव घ्यायचे आहे त्यांच्या उपयोगाचा आहे. त्याने छोटी कंपनी स्थापन केली. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर कंपनी स्थापनेच्या अर्जावर केंद्राचे नोंदणी शुल्क नसते, राज्याचे मुद्रांक शुल्क तेवढे लागते. पुढे त्याने आपल्या बोधचिन्हासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात आणि इतरांना ९,०००. अर्ज तपासून झाल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, कोणाचा विरोध असेल तर त्याने चार महिन्यांत कळवावे म्हणून. हे जर्नल सर्वांना विनामूल्य वाचता येते आणि त्यात अर्जदाराचे नाव आणि पत्ता छापलेला असतो.

प्रसिद्धीनंतर तिसऱ्या आठवड्यात दादाच्या कार्यालयात जाड कागदाचे एक पाकीट आले. आत पृथ्वीगोलाचे चिन्ह, त्याच्याच बोधचिन्हाची रंगीत छपाई, त्याचा अर्ज क्रमांक, तारीख, सगळे अचूक. आणि खाली आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव टिकवण्यासाठी जवळपास एक लाख रुपयांची मागणी, दहा दिवसांच्या आत. दादाने ते पैसे भरण्यासाठी बाजूला काढले होते. त्याच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: तुम्ही आंतरराष्ट्रीय नोंदणीसाठी अर्ज केला आहे का? त्याने केलेला नव्हता. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने अशा दिशाभूल करणाऱ्या पत्रांबद्दल आपल्या संकेतस्थळावर इशारा दिलेला आहे आणि लोकांना आलेल्या अशा पत्रांचे नमुनेही ठेवलेले आहेत. दादाने आपले पत्र त्यांच्याशी ताडून पाहिले. मांडणी तशीच होती, नाव तेवढे दुसरे होते. आपला तपशील अचूक असणे हा पत्र खरे असल्याचा पुरावा नाही, हे आम्हा दोघांनाही या पत्राने शिकवले. कंपनीचा पत्ता, ट्रेडमार्कचा अर्ज, जीएसटी क्रमांक, हे सगळे कायद्यानेच सार्वजनिक आहे, आणि ते तसेच असायला हवे.

सर्वांत वाईट मला मुद्रा कर्जाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीचे वाटते, कारण तिथे पैसे नसलेल्या माणसाकडून पैसे काढले जातात. आमच्या बचत गटातल्या एका ताईंना शिलाईच्या दोन यंत्रांसाठी कर्ज हवे होते. त्यांच्या मोबाइलवर ‘कर्ज मंजूर’ असे पत्र आले, वर तिरंगा, खाली सही आणि शिक्का, आणि प्रक्रिया शुल्क म्हणून आधी काही हजार रुपये भरायची अट. त्यांनी ते भरले. मग विम्याचे मागितले, तेही भरले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत मुद्रा संस्था स्वतः कोणाही छोट्या व्यावसायिकाला थेट कर्ज देत नाही. कर्ज बँका, लघुवित्त संस्था आणि इतर वित्तसंस्था देतात, आणि एजंट म्हणवणाऱ्यांपासून दूर राहावे, असे मुद्रानेच आपल्या संकेतस्थळावर सांगितलेले आहे. असली मंजुरीपत्रे खोटी आहेत, हे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागानेही अनेकदा जाहीर केले आहे. मंजूर झालेल्या कर्जासाठी आधी वैयक्तिक खात्यात पैसे भरा, असे खरी बँक कधीच म्हणत नाही. आम्ही दोघी मिळून १९३० या क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तेथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात, म्हणून फोन करण्याआधी ते समोर ठेवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकण्याआधी गोठवता आले तरच ते वाचतात. आम्हाला उशीर झाला होता. पैसे गेल्याचे लक्षात आल्यावर लाजेने दोन दिवस गप्प बसणे हेच खरे महाग पडते, आणि त्या ताई तीन आठवडे गप्प होत्या.

मी स्वतः आता काय करते, ते सांगते. प्रत्येक नव्या कामाआधी वहीत एक ओळ आखते: काम कोणते, खाते कोणते, शुल्क किती, ते शुल्क मी कोणत्या सरकारी पानावर वाचले, आणि पैसे कोठे जमा होणार. या पाचही जागा भरल्याशिवाय पैसे देत नाही. शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची आहे. राज्य सरकारचे पैसे ग्रास प्रणालीतून चलनाने भरले जातात, केंद्राचे बरेच पैसे भारतकोषमधून किंवा त्या त्या खात्याच्या पोर्टलमधून, आणि प्रत्येक चलनाला एक क्रमांक असतो, जो नंतर पडताळता येतो. कोणाच्या तरी मोबाइल क्रमांकावर किंवा वैयक्तिक यूपीआयवर सरकारी शुल्क भरायचे नसते. फोनवरचा माणूस ‘आज पाचपर्यंत’ म्हणाला, तर मी त्याचे नाव, हुद्दा आणि कार्यालय विचारते आणि सांगते, की उद्या कार्यालयात येऊन भरीन. शुल्काचे आकडे बदलत राहतात. मी वर लिहिलेले आकडे मी भरले त्या वेळचे आहेत, म्हणून ते पाठ करण्यापेक्षा ते कोठे पाहायचे हे लक्षात ठेवावे.

मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी आली. ती पार्लर सुरू करते आहे आणि तिला कोणी तरी व्हॉट्सॲपवर ‘नवीन व्यवसाय नोंदणी पॅकेज, सरकारी फीसह ७,९९९’ अशी जाहिरात पाठवली होती. मी बँकेची ती जुनी स्लिप काढून तिच्यासमोर ठेवली. तीन शब्दांपुढे आता मी शाईने आकडे लिहिलेले आहेत: २३.६०, ०, ५००. तिने त्याचा फोटो काढला, मग म्हणाली, “काकू, पण पार्लरला फूड लागत नाही ना? मग माझ्या यादीत काय काय येईल?” मी तिला वही दिली. तिने स्वतःच्या अक्षरात पहिली ओळ आखली, शॉप ॲक्ट असे लिहिले, आणि आम्ही दोघी शुल्क पाहण्यासाठी ‘आपले सरकार’चे पान उघडायला बसलो.